गाणं, नाच, नाटक, चित्रकला शिकणाऱ्या गावातल्या पोरींसाठी महिना ५००० ची स्कॉलरशिप : फॉर्मच्या आधी काय जमवायचं

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी स्कॉलरशिप आहे, दिल्लीचं सीसीआरटी (सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र) ती चालवतं. महिना ५००० रुपये, दोन वर्षं, म्हणजे टोटल १ लाख २० हजार. वय १८ ते २५, देशभरात ४०० जागा. फक्त मुलींसाठी नाही, पोरंही भरतात, पण आपल्याकडं पोरगी पुढं शिकते म्हटली की घरचे आधी खर्च विचारतात, क्लासची फी, एसटीचं भाडं, रंग-कागद, तर हे पैसे त्याच्यासाठीच आहेत.

कला कोणती चालते? शास्त्रीय गाणं-वादन, शास्त्रीय नाच, नाटक, सुगम शास्त्रीय, चित्र-शिल्प आणि लोककला. आपल्या कामाचा कप्पा हा शेवटचा. गडचिरोली-गोंदियाकडचा गोंडी नाच, लोकनाट्य, लोकगीतं, हे सगळं त्यात बसतं, आणि तरी पोरी म्हणतात हे कुठं कला आहे बाप्पा, हे तर आम्ही असंच करतो.

आता खरी अडचण. अट अशी आहे की गुरूकडं किंवा संस्थेत कमीत कमी ५ वर्षं शिकलेलं पाहिजे आणि तसं गुरूच्या सहीचं सर्टिफिकेट लागतं. शहरातल्या पोरीकडं गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत-नृत्य परीक्षेचे कागद असतात, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, फाईलच तयार. आपली पोरगी शिकली भजनी मंडळातल्या काकूकडं नाहीतर गावच्या शाहिराकडं, आणि कागद एकही नाही. बहुतेक जणी इथंच अडकतात, कला कमी पडते म्हणून नाही. म्हणून जाहिरातीची वाट न बघता ज्यांच्याकडं शिकताय त्यांच्याकडून आजच लिहून घ्या, कोणत्या वर्षापासून शिकवतो, काय काय शिकवलं, खाली सही, पूर्ण पत्ता, मोबाईल नंबर. गुरूचं स्वतःचं काही मानपत्र, कार्यक्रमाची पत्रिका असेल तर त्याची झेरॉक्स जोडा. खरं तेवढंच लिहा, कारण पुढं तज्ज्ञांच्या समितीसमोर कला सादर करावी लागते आणि दोन प्रश्नांत तिथं सगळं कळतं. चित्रकलावाल्यांनी शाळेत दिलेल्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांची सर्टिफिकेटं शोधून ठेवा आणि जुनी चित्रं रद्दीत देऊ नका.

बाकी कागद नेहमीचेच. आधार, दहावीचं सर्टिफिकेट किंवा टीसी, फोटो, स्वतःच्या नावाचं बँक पासबुक, कार्यक्रमांचे फोटो. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला सेतूतून काढून ठेवला तर दुसऱ्या योजनांनाही कामी येतो, जातीचा उपविभागीय अधिकाऱ्याच्या सहीचा, उत्पन्नाचा तहसीलदाराच्या. खातं बापाचं किंवा नवऱ्याचं देऊ नका, पोरीचंच द्या आणि आधार लिंक आहे का ते बँकेत जाऊन विचारा. लग्न झालेल्या पोरींचं एक वेगळंच लफडं, टीसीवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला, गावात असाल तर ग्रामपंचायतीतून, नाहीतर राजपत्रातली नाव बदलाची नोंद. याला वेळ लागतो.

फॉर्म ऑनलाईन, सीसीआरटीच्या वेबसाईटवर, जाहिरात निघाली की. मोबाईलवर पूर्ण भरू नका, सीएससीवर (ऑनलाईन फॉर्म भरून देणारं कॉमन सर्व्हिस सेंटर) बसा पण ओटीपी येणारा नंबर स्वतःचा ठेवा आणि भरलेल्या फॉर्मची प्रिंट घरी आणा. निवड झाली तर पैसे महिन्याला येत नाहीत, सहा-सहा महिन्यांचे चार हप्ते असतात, आणि दर सहा महिन्याला शिकल्याचा रिपोर्ट द्यावा लागतो. म्हणून क्लासच्या सरांना फीचं आधीच बोलून घ्या.

घरात १० ते १४ वर्षांची लहान बहीण असेल तर तिच्यासाठी सीसीआरटीचीच वेगळी स्कॉलरशिप आहे, ६५० जागा, त्यात परंपरेनं कला करणाऱ्या घरातल्या आणि आदिवासी मुलांसाठी जागा राखीव आहेत. वर्षाला ३६०० म्हणजे फार नाही, पण दरवर्षी नूतनीकरण होत पुढं वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत चालू शकते, आणि तोपर्यंत ५ वर्षं शिकल्याचा कागद आपोआपच तयार होतो. आणि नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राची गुरू-शिष्य परंपरा योजना पण बघा, त्यात गुरूलाही मानधन मिळतं, त्यामुळं गावातली म्हातारी गाणारी बाई असेल तर अर्ज तिच्या नावानं करायचं बघा, शिकणाऱ्या पोरी तिच्यासोबत येतात.