डोमेनची नोंद कुणाच्या नावावर?

सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी, तासगावचे बेदाणेवाले आता थेट गिऱ्हाइकाला माल विकू लागलेत. त्यासाठी वेबसाइट काढायची, तर आधी तिला पत्ता लागतो, म्हणजे डोमेन. हे काम बहुतेक जण साइट बनवणाऱ्या मुलावर सोपवून मोकळे होतात, आणि घोळ तिथेच होतो.

इंटरनेटवरची यंत्रं एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाला आकडे लक्षात ठेवणं जड जातं, म्हणून नावं आली. सुरुवातीला सगळ्या नावांची एकच यादी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये असायची. यंत्रं वाढली तशी ती आवरेना. मग १९८३ मध्ये संगणकशास्त्रज्ञ पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस (डोमेन नेम सिस्टीम) ही रचना मांडली; तिच्यात ती यादी अनेक यंत्रांत वाटलेली असते.

शेजारच्या सातारा जिल्ह्याचा सरकारी पत्ता घ्या: सातारा डॉट गव्ह डॉट इन. तो उजवीकडून उलगडतो. मूळ सर्व्हर (माहिती पुरवणारं यंत्र) फक्त ‘इन’ कुठे ते सांगतो, ‘इन’वाला ‘गव्ह’कडे पाठवतो, तिथून ‘सातारा’चा ठावठिकाणा लागतो आणि शेवटी साइटच्या यंत्राचा आकडा हाती येतो. पापणी लवायच्या आत हे सगळं उरकतं. मिळालेलं उत्तर वाटेत काही काळ साठवलेलं असतं, म्हणून साइट दुसऱ्या सर्व्हरवर हलवली की काही जणांना थोडा वेळ जुनीच दिसते.

‘इन’ची नोंदवही निक्सी ही संस्था सांभाळते. आपला व्यवहार मात्र मधल्या रजिस्ट्रारशी, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीशी. नाव मोकळं असेल तर आपली माहिती द्यायची आणि एक ते दहा वर्षांचे पैसे भरायचे. मुदत संपायच्या आत नूतनीकरण करायचं, म्हणजे नाव आपल्याकडे राहतं.

पैसे कुणी दिले हे नोंदवही बघत नाही. तिच्यात ज्याचं नाव, तो धारक. सातबारा बघितल्याशिवाय गुंठाभर जमीन न घेणारी आपली माणसं इथे मात्र बेफिकीर असतात, याचं मला फार वाईट वाटतं. साइट बनवणाऱ्या मुलानं नोंद स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर केलेली असते. तो नोकरीला पुण्याला जातो, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याच ईमेलवर येत राहतात, आणि एक दिवस दुकानाची साइट बंद, त्याच नावावरचे ईमेलही बंद. ‘कॉम’चं नाव रद्द झाल्यावर साधारण तीस दिवस जादा पैसे भरून परत मिळवता येतं. त्यानंतर पाच दिवसांनी ते कुणालाही घेता येतं.

२०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ही मिळतं. आपला रजिस्ट्रार ते देतो का, हे विचारून बघा. आणि डोमेन आधीच घेतलेलं असेल, तर रजिस्ट्रारकडच्या खात्याचा पासवर्ड आजच मागून घ्या, धारकाचं नाव, ईमेल आणि मुदतीची तारीख स्वतः तपासा.