बंद टीव्हीसमोरची संध्याकाळ

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक निर्णय घेतला. रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजायचा आणि त्यानंतर दीड तास गावातल्या घराघरांतले टीव्ही व मोबाइल बंद ठेवायचे. करोनाकाळात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हाती आलेले मोबाइल शाळा पुन्हा भरू लागल्यावरही सुटत नव्हते, आणि घरातली मोठी माणसे मालिका पाहत असताना मुलांना अभ्यासाला बसवणे अवघड जाते, हे कोणाही पालकाला ठाऊक आहे. या प्रयोगात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो भोंगा. बटण तर प्रत्येकाच्या हाताशी असते; मग ते दाबण्यासाठी साऱ्या गावाला मिळून इशारा का द्यावा लागावा? या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्या मज्जासंस्थेत आहे.

शेताच्या बांधावरून चालताना गवतात सळसळ झाली की आपण जागच्या जागी थबकतो, मान आपोआप तिकडे वळते, हृदयाचे ठोके क्षणभर मंदावतात आणि सगळे लक्ष त्या एका जागी गोळा होते. रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनी या प्रतिक्षिप्त क्रियेला ‘हे काय आहे?’ असे समर्पक नाव दिले होते. साप किंवा वाघ वेळीच दिसावा म्हणून उत्क्रांतीत टिकून राहिलेली ही क्रिया आपल्या इच्छेची वाट पाहत नाही. टीव्हीच्या पडद्यावर दृश्य बदलले, कॅमेरा अचानक जवळ आला किंवा मोठा आवाज झाला की हीच क्रिया जागी होते, आणि त्यानंतर काही सेकंद हृदयाची गती मंदावलेली राहते, असे प्रयोगशाळेतील मोजमापांत दिसून आले आहे. मालिकेत एकाच चेहऱ्यावर ठोक्यासरशी तीन-तीनदा झेपावणारा कॅमेरा किंवा काही सेकंदांत डझनभर दृश्ये दाखवणारी जाहिरात पाहताना मेंदूला पुनःपुन्हा ‘हे काय आहे?’ असे विचारायला लावले जाते. बोलता बोलता आपली नजर हॉटेलातल्या टीव्हीकडे जाते, त्यात आपल्या सभ्यतेचा दोष नसतो.

नजर खेचली जाणे एक, आणि तासन्‌तास तिथेच बसून राहणे दुसरे. या दुसऱ्या गोष्टीचा अभ्यास रॉबर्ट क्युबी आणि मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञांनी केला. त्यांनी लोकांच्या खिशात पेजर दिले. दिवसातून सहा ते आठ वेळा, केव्हाही, पेजर वाजे आणि त्या क्षणी आपण काय करत आहोत व आपल्याला कसे वाटते आहे, हे त्या व्यक्तीने लिहून ठेवायचे असे. टीव्ही पाहताना लोकांना सैलावल्यासारखे वाटत होते, पण टीव्ही बंद होताच तो सैलपणा संपे आणि मागे उरे ती सुस्ती. अंगातली शक्ती जणू टीव्हीने शोषून घेतली, असे अनेकांनी सांगितले. वाचनानंतर अशी तक्रार क्वचितच आढळली, आणि खेळानंतर किंवा छंदात रमल्यानंतर तर मन अधिक प्रसन्न असल्याच्या नोंदी होत्या. आराम बसल्याबरोबर मिळतो आणि उठल्याबरोबर जातो. त्यामुळे उठणे हीच शिक्षा वाटू लागते.

टीव्ही नसलेल्या वेळेत माणसे काय करतात, हे पाहण्याची एक दुर्मीळ संधी कॅनडात मिळाली. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील एका छोट्या गावात, ते दरीत वसलेले असल्यामुळे, १९७३ पर्यंत टीव्हीचे प्रक्षेपण पोहोचत नव्हते. गावाची ओळख उघड होऊ नये म्हणून संशोधकांनी त्याला ‘नोटेल’ म्हटले. टॅनिस मॅकबेथ विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीव्ही येण्याच्या आधी आणि आल्यानंतर दोन वर्षांनी या गावाची पाहणी केली, आणि टीव्ही आधीपासून असलेल्या दोन गावांशी तुलना केली. आधीच्या पाहणीत नोटेलची मुले एखाद्या साध्या वस्तूचे वेगवेगळे उपयोग सुचवण्यात पुढे होती. दोन वर्षांनंतर ती आघाडी राहिली नाही. मुलांच्या खेळण्यातली आक्रमकता वाढली. मला मात्र मोठ्या माणसांविषयीचा निष्कर्ष अधिक चटका लावतो. टीव्ही आल्यावर गावातल्या सामुदायिक कार्यक्रमांतली त्यांची उपस्थिती घटली, आणि वृद्धांच्या बाबतीत ही घट ठळक होती. आपल्याकडे पारावरच्या गप्पा आणि भजनाच्या बैठका विरळ होत गेल्याचे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यात परके काही वाटणार नाही.

उलट दिशेचे, म्हणजे टीव्ही कमी करण्याचे प्रयोगही झाले आहेत. कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहरात दोन शाळांतल्या तिसरी-चौथीच्या १९२ मुलांवर झालेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका शाळेतल्या मुलांना आधी १० दिवस टीव्ही, व्हिडिओ व व्हिडिओ गेम पूर्ण बंद ठेवण्याचे आव्हान दिले आणि नंतर आठवड्याला ७ तासांची मर्यादा घालून दिली. व्यायाम करा, असे कोणी सांगितले नव्हते. तरीही दुसऱ्या शाळेच्या तुलनेत या मुलांचे वजन उंचीच्या मानाने कमी वाढले, आणि टीव्हीसमोर बसून जेवण्याचे प्रमाणही घटले. अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्यात ३६ प्रौढांपैकी काहींच्या टीव्हीला वेळेची मर्यादा ओलांडताच तो बंद करणारे यंत्र जोडले. त्यांचा टीव्हीचा वेळ ३ आठवडे निम्म्यावर आणला गेला, तेव्हा त्यांचे शरीर रोज सुमारे ११९ कॅलरी अधिक खर्च करू लागले. या दोन्ही ठिकाणी काम केले ते बाहेरून घातलेल्या मर्यादेने, केवळ निर्धाराने नव्हे. वडगावचा भोंगा त्याच जातीचा आहे.

केबलला केवळ दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी गोव्यासह भारताच्या पाच भागांतल्या खेड्यांत पाहणी केली, तेव्हा जिथे केबल नव्याने पोहोचली तिथे नवऱ्याने केलेली मारहाण रास्त मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटल्याचे आढळले. मुलगाच हवा हा आग्रहही कमी झाला. घराबाहेरचे जग ज्यांना दुसऱ्या कोणत्याही वाटेने दिसत नव्हते, त्यांना ते पडद्यावर दिसले. शिवाय मोकळा होणारा वेळ घरात सर्वांना सारखा मिळत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. मालिका पाहता पाहता भाजी निवडणाऱ्या बाईचा टीव्ही बंद करून तिच्यापुढे फक्त भाजी ठेवली, तर त्याला वेळेचा सदुपयोग म्हणता येणार नाही.

आमच्या घरची केबल बंद केली तेव्हा पहिले पंधरा दिवस बैठकीच्या खोलीत सगळे त्याच खुर्च्यांवर, त्याच भिंतीकडे तोंड करून बसत आणि लवकर झोपायला जात. लंडनमधील एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले होते, हे वाचल्यावर धीर आला. मग खुर्च्या समोरासमोर मांडल्या, मधल्या जागेत कॅरम आला, आणि साडेसातच्या मालिकेच्या वेळी भाजी निवडायला चौघे जण बसू लागलो, म्हणजे आईला आठच्या आत मोकळे होऊन खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे पेटी शिकायला जाता यावे.