वार्षिक पार्किंग परवाना आणि रोजचं पार्किंग शुल्क: रक्कम तीच, परिणाम उलटा

विद्यापीठाच्या पार्किंगचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "वर्षाचे एकदम घ्या नाहीतर रोजचे घ्या, खिशातून जाणार तेवढेच ना!" वित्त विभाग मान डोलावतो. मग सोपं म्हणून वार्षिक परवाना कायम राहतो आणि त्याच इतिवृत्तात खाली 'शाश्वत प्रवासाला प्रोत्साहन' असंही एक कलम जातं. ही दोन कलमं एकमेकांच्या मुळावर उठलेली आहेत, हे कुणाच्या लक्षात येत नाही. ते का, एवढंच इथे सांगायचं आहे.

वार्षिक परवान्याबद्दल फार सांगायला नको. वर्षाच्या सुरुवातीला अर्ज, काचेवर स्टिकर, पगारातून कपात, विषय संपला. फक्त एक गोष्ट नोंदवतो, कारण तिच्यावरून दरवर्षी भांडणं होतात: परवाना म्हणजे जागा नव्हे. तो जागा शोधायची मुभा देतो. सगळे परवानाधारक एकाच दिवशी येत नाहीत हे गृहीत धरून जागांपेक्षा जास्त परवाने दिले जातात, आणि त्यात लबाडी काही नाही. नाव लावून राखलेली जागा ही वेगळीच चीज आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ती नोबेल विजेत्यांना मिळते, 'एनएल' अशी पाटी लावून. तुमच्याकडे नोबेल नसेल तर दहा वाजता येऊन "माझी जागा कुणी घेतली?" असं सुरक्षारक्षकाला विचारू नका.

रोजच्या शुल्कात तुम्ही गाडी आणाल त्याच दिवशी पैसे लागतात. यावर चर्चा सुरू झाली की ती लगेच यंत्रांवर घसरते. गेटवर पावती द्यायची, मोबाइलवरून भरायचं, की नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा बसवायचा? रांग लागेल का? सुट्ट्या पैशांचा प्रश्न येईल का? हे सगळं सोडवता येतं, बऱ्याच ठिकाणी सोडवलेलंही आहे. कॅमेरा असेल तर महिनाअखेर जितके दिवस आलात तितक्याचं बिल पगारातूनच कापता येतं, गेटवर कुणाला थांबावंही लागत नाही. तेव्हा वसुलीची पद्धत हा या दोहोंमधला फरक नाही. वार्षिक रक्कम आधी हाती येते आणि अंदाजपत्रक सोपं होतं, हा फरक आहे, पण तो लेखापालांचा. आपण पुढे जाऊ.

खरा फरक पैसे कोणत्या क्षणी मागितले जातात, यात आहे.

समजा वर्षाला 200 दिवस कामावर यायचं आहे. वार्षिक परवान्याची रक्कम 200 ने भागली की रोजचा दर निघतो. कागदावर दोन्ही सारखे. आता एका सकाळची गोष्ट घ्या. परवानाधारकाच्या दृष्टीने आज गाडी नेण्याचा पार्किंगखर्च शून्य आहे, कारण पैसे कधीच गेले. बसने गेलं तर तिकीट काढावं लागेल, आणि परवान्यातला आजचा वाटाही बुडेल. म्हणजे गाडी घरी ठेवणारा माणूस त्या दिवशी दोनदा पैसे घालवतो. त्यात आपला 'वसूल' करायचा स्वभाव. खानावळीचे महिन्याचे पैसे भरले की बाहेर जेवायला जीव होत नाही, तसंच हे. भरलेत ना, मग वापरायचेच. हा माणूस पर्यावरणाचा शत्रू नाही, हिशेबाला पक्का आहे. त्याचा हिशेब आपणच तसा बसवून दिला आहे.

रोजच्या शुल्कात तीच सकाळ वेगळी दिसते. आज गाडी नेली तर एक 200 वा हिस्सा जाईल, नाही नेली तर वाचेल. वाचलेले पैसे आजच वाचतात, पुढच्या वर्षीच्या अर्जापर्यंत थांबावं लागत नाही. मग पाऊस नाही, मुलांना कुठे सोडायचं नाही, संध्याकाळी उशीर होणार नाही, अशा दिवशी माणूस सायकल काढतो, सहकाऱ्याच्या गाडीतून येतो किंवा घरूनच काम करतो. उद्या पुन्हा गाडी आणतो. त्यात काही बिघडत नाही.

नेमकं हेच शाश्वत प्रवासाच्या बहुतेक मोहिमा विसरतात. त्यांना माणूस 'गाडी सोडलेला' हवा असतो. शपथ, बिल्ला, सायकल दिन, फोटो. (सायकल दिनाला सायकल कारच्या डिकीत घालून गेटपर्यंत आणणारे महाभाग प्रत्येक कॅम्पसवर असतात.) वार्षिक परवाना माणसाला वर्षातून एकदाच विचारतो: गाडी, हो की नाही? बहुतेकांच्या आयुष्यात काही दिवस असे असतातच की गाडीवाचून चालत नाही. म्हणून उत्तर 'हो' येतं आणि ते वर्षभर चिकटून बसतं. रोजचं शुल्क हाच प्रश्न रोज विचारतं. 1,000 गाडीवाल्यांनी पाचांतला फक्त एक दिवस गाडी घरी ठेवली आणि ते दिवस आठवड्यात सारखे विखुरले, तर रोज 200 गाड्या कमी येतील. गाडी कुणीही सोडलेली नसेल. एका कारला जागेची चौकट साधारण साडेबारा चौरस मीटर लागते, आणि वळायला, आतबाहेर करायला लागणारी वाट धरली की 25 ते 30. म्हणजे 200 गाड्यांमागे निदान अर्धा हेक्टर जमीन मोकळी झाली. ती मिळवायला बहुमजली पार्किंग बांधायचं ठरवलं तर एका जागेचा खर्च साध्या मैदानावरच्या जागेच्या कितीतरी पट होतो. तो वसूल करायला पुन्हा परवाने विकायचे, म्हणजे पुन्हा गाड्या.

त्या हिशेबात 'विखुरले तर' ही अट आहे. सगळ्यांनी शुक्रवारी घरी राहायचं ठरवलं तर मंगळवारची गर्दी जिथल्या तिथे राहते, आणि पार्किंग बांधलं जातं ते मंगळवारसाठी. रोजचा दर वारानुसार कमीजास्त करता येतो. वार्षिक परवान्यात मंगळवार आणि शुक्रवार यांत फरक करायला जागाच नाही. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाला सांता क्लारा काउंटीने (म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने) 2000 साली बांधकामाची परवानगी देताना जी अट घातली, ती गर्दीच्या वेळेतल्या वाहनफेऱ्या वाढू न देण्याची होती. नुसत्या पार्किंगच्या जागा मोजत बसण्यापेक्षा हे माप मला कितीतरी शहाणपणाचं वाटतं.

आता माझ्या खास रागाच्या दोन गोष्टी.

पहिली, "परवाना महाग करा, लोक आपोआप गाडी सोडतील." वर्षाच्या सुरुवातीला काठावरचे काही जण परवाना घेणार नाहीत, हे कबूल. पण ज्यांनी घेतला त्यांच्यासाठी प्रत्येक सकाळचा खर्च शून्यच राहतो. वर जास्त पैसे भरल्यामुळे वसूल करायची जिद्द वाढते. दर वाढवायचा असेल तर रोजचा वाढवा.

दुसरी, रोजचं शुल्क आणायचं आणि मग दयाळूपणे त्याला वार्षिक करून टाकायचं. "महिन्यात 12 दिवस भरले की पुढचे मोफत." तेराव्या दिवसापासून तो माणूस पुन्हा परवानाधारक झाला. दहा तिकिटांवर दोन फुकट, महिन्याचं पुस्तक घेतलं तर सूट, हे सगळे त्याच रोगाचे प्रकार. नियमित येणाऱ्याला बक्षीस द्यायची आपली व्यापारी सवय इथे नेमकी उलटी पडते, कारण रोज येणारी गाडी कमी व्हावी म्हणून तर हा खटाटोप. कमाल मर्यादा ठेवायचीच असेल तर ती जवळजवळ सगळे दिवस आल्याशिवाय गाठता येणार नाही इतकी वर ठेवा.

इथपर्यंत पटलं असेल तर पुढची पायरी सोपी आहे, आणि तरी हमखास चुकते. सकाळच्या शून्याची जी जादू गाडीसाठी घातक आहे, तीच बससाठी वरदान आहे. बसचा पास वार्षिक हवा, शक्य तर सगळ्यांना आपोआप मिळणारा, ओळखपत्रातच बसवलेला. म्हणजे सकाळी बसचा खर्च शून्य आणि गाडीचा एक 200 वा हिस्सा. बहुतेक कॅम्पसवर उलट चित्र असतं: गाडीला वार्षिक परवाना, बसला रोजचं तिकीट. वर आश्चर्य की बस रिकामी धावते!

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने 1991 मध्ये 'यू-पास' आणला तो याच विचाराने: पार्किंगचे दर चढवले आणि त्याच वेळी बसचा पास स्वस्त केला. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने (यूसीएलए) 2000 मध्ये 'ब्रुइनगो' सुरू केलं. विद्यार्थी आणि कर्मचारी ओळखपत्र दाखवून शेजारच्या सांता मोनिका शहराच्या बसमध्ये चढू लागले, भाडं विद्यापीठ भरू लागलं. पहिल्याच वर्षी कॅम्पसवर बसने ये-जा 56 टक्क्यांनी वाढली आणि एकट्याने गाडी चालवत येणं 20 टक्क्यांनी घटलं. हा अभ्यास करणाऱ्यांत तिथलेच प्राध्यापक डोनाल्ड शूप होते. पार्किंगच्या अर्थशास्त्रावर त्यांनी हयात घालवली, आणि साधारण सात-आठ जागांमागे एक रिकामी राहील असा दर ठेवा, हा त्यांचा सल्ला आजही पाळण्याजोगा आहे. बॉस्टनजवळच्या एमआयटी या विद्यापीठाने 2016 मध्ये दोन्ही टोकं एकदम उलटवली. कर्मचाऱ्यांना स्थानिक बस आणि भुयारी रेल्वे मोफत केली, आणि वार्षिक पार्किंग परवान्याच्या जागी दिवसाचं शुल्क आणलं. मला विचाराल तर अनुकरण यांचं करावं. एकच टोक उलटवलं तर अर्धाच परिणाम मिळतो आणि मग "आम्ही करून पाहिलं, काही होत नाही" म्हणायला लोक मोकळे.

जाता जाता एक. गाडी न आणणाऱ्याला रोख रक्कम द्यायची, ही कल्पना कॅलिफोर्नियात 1992 पासून कायद्यात आहे: भाड्याच्या जागेत कर्मचाऱ्यांना फुकट पार्किंग देणाऱ्या ठरावीक मालकांनी, ते नको असलेल्यांना तेवढे पैसे द्यायचे. कल्पना चांगलीच आहे, पण तिथेही तोच सापळा असतो. 'वर्षभर परवाना घेतला नाही तरच रक्कम' असा नियम केला की आठवड्यातून दोनदा गाडी लागणारा माणूस बाहेर फेकला जातो. न आणलेल्या प्रत्येक दिवसाचे पैसे द्या.

रोजच्या शुल्कावर एक आक्षेप खरा आहे: पहाटे साफसफाईला येणारे, रात्रपाळीचे तंत्रज्ञ, ज्यांच्या वेळेला बसच नाही, त्यांनी काय करायचं? त्यांना रोज यावं लागतं आणि त्यांचा पगारही कमी असतो. यावर उत्तर म्हणून वार्षिक परवाना पुढे केला जातो, ते मात्र चुकीचं. पगाराच्या पायरीनुसार दर ठेवा, पहाटे-रात्रीचा दर नाममात्र किंवा शून्य करा. त्या वेळी जागा रिकाम्याच असतात, कुणाचं काही जात नाही. उलट आठवड्यातून दोनच दिवस शिकवायला येणाऱ्या तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला वार्षिक परवाना सगळ्यात महाग पडतो. पाच दिवसांचे पैसे भरून तो दोन दिवस वापरतो, म्हणजे प्रत्येक दिवस अडीचपट दराने. गरिबांचा कळवळा दाखवून वार्षिक परवाना टिकवणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावं.

मग वार्षिक परवाना कुठेच नको का? दोन ठिकाणी हवा. अपंग व्यक्तींना दारापाशी, नावाने राखलेली जागा द्या. तिथे गाडी कमी करायचा हेतूच नाही, म्हणून रोजचा प्रश्न विचारायचं कारणही नाही. दुसरे वसतिगृहात आणि कॅम्पसवरच्या घरांत राहणारे. त्यांची गाडी कामावर येत नाही, ती तिथे नुसती उभी असते. हे प्रवासाचं नव्हे तर साठवणीचं भाडं आहे, आणि साठवणीला वार्षिक करार शोभतो. गाडी जागची हलली नाही तरी पैसे लागतात, तेव्हा ती खरंच इथे ठेवायची का, हा विचार वर्षातून एकदा होतो, आणि इथे तेवढा पुरतो. फक्त या गाड्यांना वर्गांजवळच्या जागा देऊ नका. त्या पार कडेच्या मैदानावर, रोज येणाऱ्यांच्या वाटेबाहेर असू द्यात.