खतांतील जड धातूंची तपासणी

खतात शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, पारा, क्रोमियम, निकेल यांचे प्रमाण किती आहे, हे मोजण्याची प्रयोगशाळेतील पद्धत. आर्सेनिक खरे तर उपधातू, म्हणजे धातू आणि अधातू यांच्या मधला. विषारीपणामुळे तो याच यादीत धरतात. खतात नत्र कमी भरले तर शेतकऱ्याचे एका हंगामाचे नुकसान होते. कॅडमियम मात्र जमिनीत कुजत नाही. साठत जाते आणि पालेभाजीतून ताटात येते. त्यामुळे ही तपासणी नत्र-स्फुरद-पालाशाच्या तपासणीइतकीच महत्त्वाची मानायला हवी.

हे धातू खतात कच्च्या मालातून येतात. स्फुरदाची खते फॉस्फेट खनिजापासून बनतात. मोरोक्कोसारख्या ठिकाणच्या गाळाच्या खडकांतील फॉस्फेटात कॅडमियम बरेच असते, तर रशियाच्या कोला द्वीपकल्पातील अग्निजन्य फॉस्फेटात अगदी थोडे. झिंक सल्फेट जस्ताच्या राखेपासून केलेले असेल, तर राखेतले शिसे व कॅडमियम त्यात उतरू शकते. शहरी कंपोस्टमध्ये हे धातू न निवडलेल्या कचऱ्यातून, बॅटऱ्या आणि रंगाच्या डब्यांतून येतात. कचरा कुजताना त्याचे वजन घटते, धातू तेवढाच राहतो. म्हणजे दर किलोमागे तो वाढतो.

भारतात मर्यादा खत (नियंत्रण) आदेश, १९८५ नुसार ठरतात. शहरी कंपोस्टच्या १ किलोत शिसे १००, कॅडमियम ५, तर पारा फक्त ०.१५ मिलिग्रॅमपर्यंत चालतो.

तपासणीत नमुना वाळवून, बारीक करून चाळतात. १ ग्रॅम नमुना अम्लराजात (हायड्रोक्लोरिक व नायट्रिक आम्लांच्या तीव्र मिश्रणात) तापवून धातू द्रावणात उतरवतात, गाळतात आणि १०० मिलिलिटरपर्यंत भरतात. द्रावण अणुशोषण यंत्राच्या (एएएस) ज्योतीत फवारले की धातूचे अणू ठराविक तरंगलांबीचा प्रकाश शोषतात; शोषण जितके जास्त, तितका धातू जास्त. कॅडमियमसाठी ती २२८.८ नॅनोमीटर. शिशाचे वाचन लिटरला ०.७ मिलिग्रॅम आले, तर खतात किलोला ७० मिलिग्रॅम शिसे आहे. पारा उष्णतेने उडून जातो, म्हणून त्यासाठी नमुना आम्लात विरघळवण्याचे काम बंद भांड्यात करून तो शीत-बाष्प पद्धतीने, म्हणजे ज्योतीशिवाय वाफेच्या रूपात, वेगळा मोजतात.

यंत्र कितीही महाग असो, चूक बहुधा त्याआधीच होते. पोत्याच्या वरच्या थरातून मूठभर खत घेतले, तर आकडा त्या मुठीपुरताच खरा. काचेची भांडी सौम्य नायट्रिक आम्लात भिजवून धुतलेली नसतील, तर मागच्या नमुन्याचे शिसे या नमुन्याच्या नावावर चढते. म्हणून प्रत्येक खेपेत खत न घालता, नुसत्या आम्लाचे एक कोरे द्रावण सगळ्या पायऱ्यांतून नेतात आणि त्याचे वाचन नमुन्याच्या वाचनातून वजा करतात.