मत बदलले, तरी पंगतीतून उठला: पूर्वग्रह आणि ख्रिस्ती श्रद्धेची पार्श्वभूमी

पूर्वग्रह आणि ख्रिस्ती श्रद्धा हा विषय निघाला की बहुतेक जण वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यापासून (लूक 10) सुरुवात करतात. पण दाखला कसे वागावे ते सांगतो. एखाद्याचा पूर्वग्रह प्रत्यक्षात कसा सुटला आणि पुन्हा कसा चिकटला, हे पाहायचे तर येशूचा शिष्य पेत्र याच्याकडेच जावे लागते.

बायबलच्या नव्या करारातले ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय 10. यापो येथे भर दुपारी, भूक लागलेली असताना पेत्राला दृष्टान्त होतो. आकाशातून चादरीसारखे काही उतरते, त्यात ज्यूंना खायला निषिद्ध असलेले प्राणीही असतात आणि ‘मारून खा’ अशी आज्ञा होते. असे तीनदा घडते, तरी त्याला अर्थ लागत नाही. कैसरीयाच्या कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीने धाडलेली तीन माणसे दारात उभी राहतात, तेव्हा कुठे गाडे पुढे सरकते. पेत्र त्यांना मुक्कामाला ठेवून घेतो आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर निघतो. (तो उतरला होता शिमोन चांभाराकडे. कातडी कमावण्याचा धंदा ज्यू समाजात हलका मानला जाई. म्हणजे एक उंबरठा त्याने आधीच ओलांडलेला होता.) देव पक्षपाती नाही, हे त्याच्या तोंडून निघते ते कर्नेल्याच्या घरात पाऊल टाकल्यावर.

यरुशलेमात त्याला जाब विचारला गेला तो उपदेशाबद्दल नव्हे. सुंता न झालेल्यांकडे, म्हणजे ज्यू नसलेल्यांकडे, जाऊन त्यांच्याबरोबर जेवलास, हा आक्षेप होता. पेत्राने सहा बांधव सोबत नेले होते, म्हणून त्याच्या सांगण्याला साक्षीदार मिळाले.

एवढे होऊनही अंत्युखियात तोच पेत्र घसरला. गलतीकरांस पत्रात (2:11-14) प्रेषित पौलाने ते लपवलेले नाही. पेत्र तिथे परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे ज्यू नसलेल्यांबरोबर, जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसे आली तसा तो मागे सरला आणि वेगळा बसू लागला. त्याचे पाहून पौलाचा सहकारी बर्णबाही वाहवत गेला. पौलाने दोष दिला तो ढोंगाचा, आणि सर्वांसमक्ष. पेत्राचे बदललेले मत पुन्हा फिरले नव्हते, त्याला आपल्याच माणसांची भीती वाटली. पंक्तिभेद परत येतो तो बहुधा याच वाटेने, आणि उपदेशांत नेमका हाच भाग गाळला जातो.

इटलीतला संत, असिसीचा फ्रान्सिस, याने 1226 मध्ये, मृत्यूपूर्वी सांगून लिहवलेल्या मृत्युपत्रात वेगळा क्रम दिसतो. कुष्ठरोग्यांकडे पाहणेही त्याला कडू वाटे. आधी तो त्यांच्यात गेला, त्यांच्यावर दया केली. कडूपणाची गोडी झाली ती त्यानंतर. किळस जाण्याची वाट पाहत बसला असता तर कदाचित कधीच गेला नसता.

श्रद्धा आली की पूर्वग्रह आपोआप गळतो, हा समज जॉन न्यूटन या इंग्रज खलाशाच्या, पुढे धर्मोपदेशक झालेल्याच्या, चरित्राने खोटा ठरतो. 1748 च्या वादळात तो देवाकडे वळला, तरी 1754 पर्यंत गुलामांच्या जहाजांवर होता. त्या व्यापाराविरुद्धची पुस्तिका आली 1788 मध्ये.

क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या, अठराव्या शतकातल्या अमेरिकेतल्या जॉन वुलमनची रीत अधिक उपयोगाची. तरुणपणी मालकाच्या सांगण्यावरून त्याने एका कृष्णवर्णीय स्त्रीचे विक्रीखत लिहून दिले, मन खात असतानाही. पुढे तशीच मागणी आली तेव्हा त्याने नकार दिला. नंतर तो गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरी जाऊन शांतपणे बोले. मुक्काम केला तर गुलामांच्या सेवेचा मोबदला म्हणून चांदीची नाणी देई. फुकट पाहुणचार घेतला तर आपणही त्या अन्यायाचे भागीदार, हा हिशेब होता. यजमान ओशाळत, पण भांडायला जागा नसे.

पंथाची यंत्रणा मात्र संथ होती. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या चौघांनी 1688 मध्येच गुलामगिरीविरुद्ध अर्ज दिला होता. तो एका सभेकडून वरच्या सभेकडे सरकत अखेर बाजूला पडला. 1758 मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना पंथाच्या कारभारातून दूर ठेवायचे ठरवले आणि मालकांच्या घरोघरी जाण्यासाठी समिती नेमली. तीत वुलमनही होता. गुलाम सोडायला नकार देणाऱ्याचे सभासदत्वच काढून घेण्याचा ठराव झाला 1776 मध्ये. वुलमन त्याआधी चार वर्षे वारला होता.