कणकेच्या बेगलची पार्श्वभूमी

बेगल म्हणजे आधी पाण्यात उकळून मग भाजलेला, कड्याच्या आकाराचा पाव. घरी हाताने वळलेल्या कणकेच्या बेगलचं वर्णन हल्ली ‘पारंपरिक आणि पौष्टिक’ असं एका दमात केलं जातं. इतिहास चाळला तर ही दोन विशेषणं दोन वेगळ्या पदार्थांची निघतात. परंपरेतला बेगल पांढऱ्या पिठाचा होता आणि पांढरा असण्यातच त्याचं मोल होतं. कणीक त्यात आली ती अमेरिकेत, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर हाताने वळणं कारखान्यांतून गेलंच होतं आणि उकळणंही जायच्या वाटेवर होतं. आज घरच्या ओट्यावर होणारा बेगल म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेल्या या दोन धाग्यांची उशिरा पडलेली गाठ आहे.

युरोपातला भाग थोडक्यात. पोलंडमधल्या क्राकोवमध्ये ओब्वाझानेक नावाचं पिळाचं कडं आधी पाण्यात उकळून मग भाजतात. राजदरबाराच्या १३९४ च्या हिशेबांत त्याची नोंद आहे आणि २०१० मध्ये त्याला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. बेगलचा उल्लेख त्याच शहरातल्या ज्यू समाजाच्या १६१० च्या नियमावलीत, मुलाच्या जन्माच्या निमित्ताने येतो. व्हिएन्नाचा वेढा १६८३ मध्ये उठवणाऱ्या पोलिश राजाच्या रिकिबीवरून बेगलला आकार मिळाला, ही गोष्ट अजून सांगितली जाते. ती या एका नोंदीनेच निकालात निघते. गरिबांच्या घरी रोज राय नावाच्या धान्याचा काळा पाव असायचा, त्यामुळे गव्हाच्या चाळलेल्या पिठाचं कडं सणासमारंभाचं. अर्थात ते ‘पांढरं’ पीठ दगडी जात्यावरचं होतं. कोंडा चाळून काढला तरी अंकुराचा अंश त्यात उरायचा. गव्हाचा कोंडा आणि अंकुर साफ वेगळे करणाऱ्या पोलादी रुळांच्या गिरण्या हंगेरीत आणि अमेरिकेत १८७० च्या आसपास पसरल्या. आजच्या मैद्याइतकं निखळ पांढरं पीठ त्याआधीच्या बेगलला मिळालंच नव्हतं.

मराठी वाचकांसाठी इथेच एक खुलासा. बेगल हा पूर्व युरोपातल्या ज्यूंचा पदार्थ आहे, सरसकट ज्यूंचा नव्हे. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाच्या जेवणात तांदूळ, नारळ आणि विधीचा पोह्यांचा मलिदा आहे, बेगल नाही. गोव्यात पोदेराच्या (पाववाल्याच्या) टोपलीतलं कडक कांकण आकाराने बेगलच्या जवळचं दिसतं, पण ते उकळत नाहीत आणि त्याचा वंश पोर्तुगीज काळातल्या पावाचा. कोंड्याच्या पिठाचा, हाताने घडवलेला पाव मात्र आपल्याकडे गोव्याच्या पोयच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपल्या भागात कणकेच्या बेगलला पूर्वज शोधायचाच असेल तर तो पोयमध्ये सापडेल.

बेगल खऱ्या अर्थाने घडला न्यूयॉर्कमध्ये. १८८० च्या दशकापासून १९२४ च्या स्थलांतर कायद्यापर्यंत पूर्व युरोपातून लाखो ज्यू अमेरिकेत आले आणि लोअर ईस्ट साइडच्या तळघरांत भट्ट्या पेटल्या. ही तळघरं म्हणजे बुटकी छतं, कोंदट हवा, भट्टीची धग आणि न संपणाऱ्या रात्रपाळ्या. न्यूयॉर्क राज्याने १८९५ मध्ये बेकरी कामगारांचे तास दिवसाला १० आणि आठवड्याला ६० असे बांधून दिले. एका बेकरीमालकाने दिलेल्या आव्हानावर १९०५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द ठरवली. कायद्याची वाट बंद झाल्यावर उरली ती संघटना. बेगल कारागिरांची स्वतंत्र संघटना १९३० च्या दशकात उभी राहिली. सभासद सुमारे ३००, आणि प्रवेश बहुतेक मुलाला किंवा जवळच्या नातलगाला.

चौघांची टोळी असायची. दोघे फळीवर वळायला, एक कढईवर, एक भट्टीवर. वळणारा पिठाची जाड वळकटी लांबवायचा, ती बोटांवरून हाताभोवती घ्यायचा, दोन्ही टोकं तळव्याखाली एकमेकांवर आणायचा आणि फळीवर एक रेटा द्यायचा की सांधा पक्का. पीठ इतकं घट्ट की नवख्याचं मनगट तासाभरात भरून यावं. पुढे कढईवाला ती कडी उकळत्या पाण्यात सोडून झाऱ्याने काढायचा. भट्टीवाला ती ओल्या गोणपाटाने मढवलेल्या लाकडी फळ्यांवर तीळ लावलेली बाजू खाली ठेवून मांडायचा. तळाची बाजू जरा आवळली की भट्टीतच फळी पालथी घालून बेगल थेट तापल्या विटांवर. मजुरी नगावर होती, त्यामुळे हाताच्या वेगाला किंमत होती आणि संघटनेच्या शब्दाला वजन. डिसेंबर १९५१ मध्ये वाद पेटला तेव्हा शहरातल्या ३४ पैकी ३२ बेगल बेकऱ्या बंद पडल्या. वर्तमानपत्रांनी ‘बेगलचा दुष्काळ’ म्हणून बातम्या दिल्या आणि बेगलबरोबर खपणाऱ्या खारवलेल्या माशाची विक्रीही घसरली.

या संघटनेला संपामुळे नव्हे तर यंत्रामुळे उतरती कळा लागली. कॅलिफोर्नियातल्या एका गृहस्थाने बेगल वळणारं यंत्र तयार केलं आणि १९६३ मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनच्या एका कौटुंबिक बेकरीने ते भाड्याने घेतलं. संघटनेच्या हद्दीबाहेर असल्याने तिला अडवणारं कोणी नव्हतं. त्याच बेकरीने बेगल गोठवून, आडवे कापून, पिशवीत भरून देशभरच्या सुपरमार्केटांत पोहोचवले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कारागिरांची संघटना मोठ्या बेकरी संघटनेत विलीन झाली. १९८४ मध्ये न्यू हेवनची बेकरीही एका अवाढव्य अन्नकंपनीने विकत घेतली. वीस-बावीस वर्षांत एक अख्खा व्यवसाय हातातून गेला. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये मात्र हाताने वळून, मधाच्या पाण्यात उकळून, लाकडाच्या भट्टीत भाजायची रीत मोडली नाही. तिथला बेगल लहान, गोडसर आणि मोठ्या भोकाचा.

यंत्राबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. त्यानंतर झालेल्या दुसऱ्या बदलाबद्दल फारसं बोललं जात नाही, आणि घरी बेगल करणाऱ्याच्या दृष्टीने तोच जास्त महत्त्वाचा आहे: उकळण्याऐवजी वाफ.

बेगल आधी उकळतात कशासाठी? तांदळाच्या पिठाची उकड काढली की त्याला जो चिकटपणा आणि तकाकी येते, तेच इथे पिठाच्या फक्त वरच्या थरात घडतं. उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट गेलं की पृष्ठभागावरचा स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि त्याची सलग कातडी बनते. भट्टीत पीठ फुगू पाहतं तेव्हा ही कातडी त्याला आवरून धरते. म्हणून आतला भाग दाट आणि चिवट राहतो, वर चकाकी येते. पाण्यात माल्टचा (मोड आणलेल्या जवाचा) पाक घातला तर साखरेमुळे रंगही खुलतो. कढई काढून टाकली तर पदार्थाचा गाभाच हलतो.

१९८० आणि १९९० च्या दशकांत बेगलच्या साखळी दुकानांची लाट आली, आणि १९९६ मध्ये डोनट विकणारी एक बलाढ्य साखळीही त्यात उतरली. अनेक ठिकाणी कढईच्या जागी वाफ सोडणाऱ्या मोठ्या भट्ट्या आल्या. ट्रेच्या ट्रे आत ढकलायचे, सुरुवातीला वाफ सोडायची आणि तिथेच भाजून काढायचं. या बाजूचे युक्तिवाद खोटे नव्हते. उकळत्या पाण्याशी रोज खेळणारा माणूस लागत नाही, भाजण्याचे अपघात टळतात, जागा वाचते, प्रत्येक नग सारखा येतो. गिऱ्हाइकालाही सँडविचसाठी मऊ बेगल हवा होता. चिवट बेगलमधून आतलं सारण मागच्या बाजूने बाहेर येतं, ही तक्रार खरी होती. शिवाय यंत्रासाठी पीठ आधीच सैल झालं होतं, आणि सैल, फुगलेलं कडं कढईत सुरकुततं. म्हणजे वाफेचा निर्णय काही अंशी यंत्राच्या निर्णयातच दडलेला होता.

विरोधकांचं म्हणणं असं, की वाफेने पृष्ठभाग ओला होतो, पण उकळल्यासारखी जाड कातडी धरत नाही. बेगल फुगतो, भोक मिटतं, आतून तो गोल पावासारखा होतो. माझा कल याच बाजूला आहे आणि कारण साधं आहे: वाफेवरचा बेगल हा दुसरा, कदाचित चांगला, पाव आहे, पण तो बेगलच्या नावावर खपला आणि नावामागची पद्धत कोणाला कळवली गेली नाही. अमेरिकेत बेगलची स्वतंत्र कायदेशीर व्याख्या नाही. उकळला की वाफवला हे पाकिटावर लिहायचं बंधन नव्हतं, म्हणून ते लिहिलं गेलं नाही. एक पिढी मऊ बेगलच खरा समजून मोठी झाली. आकारही याच काळात वाढला. अमेरिकी सरकारच्या आरोग्य यंत्रणेने वीस वर्षांतला फरक दाखवताना तीन इंची, १४० कॅलरींचा जुना बेगल सहा इंची, ३५० कॅलरींच्या नव्या बेगलशेजारी ठेवला होता.

कणीक आली ती याच काळात, पण वेगळ्या वाटेने. सबंध गव्हाच्या पिठाचा आग्रह अमेरिकेत १८३० च्या दशकातल्या एका धर्मोपदेशकापासूनचा. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, पांढऱ्या पावात जीवनसत्त्वं आणि लोह मिसळणं सरकारने सक्तीचं केलं. म्हणजे गव्हातून जे काढलं त्यातलं थोडं परत घातलं. १९७० च्या सुमारास तरुण पिढीने कारखान्यातल्या पांढऱ्या पावाकडे पाठ फिरवली, सहकारी दुकानांत सबंध धान्य मिळू लागलं आणि घरच्या पाककृतींत कणकेचा बेगल दिसू लागला. २००५ च्या सरकारी आहारसूचनांनी निम्मं धान्य सबंध असावं असं सांगितल्यावर कारखान्यांनाही जाग आली. बाजारात ‘गव्हाचा’ बेगल आला, ज्यात पुष्कळदा मैदाच जास्त आणि तपकिरी रंग काकवीचा किंवा करपवलेल्या साखरेचा. पावासाठी नियम जुना आहे: ‘सबंध गव्हाचा’ म्हटलं की सगळं पीठ सबंध गव्हाचंच हवं. बेगल त्या व्याख्येत बसत नव्हता. २००६ मध्ये अमेरिकेच्या अन्ननियामकांनी मसुदा काढून बेगल आणि पिझ्झालाही तीच कसोटी लावावी असं सुचवलं. सूचना बंधनकारक नव्हती. आपल्याकडेही पाकिटाच्या पुढच्या बाजूपेक्षा मागची यादी वाचावी. ‘मैदा’ आणि ‘आटा’ यांतलं पहिलं कोण, ते तिथे कळतं.

आता दोन्ही धागे घरात एकत्र येतात तेव्हा काय होतं ते पाहू. बेगलला घट्ट, ताणलं तरी न तुटणारं पीठ लागतं. न्यूयॉर्कचे कारागीर तेरा-चौदा टक्के प्रथिनांचा मैदा वापरत. कणकेतले कोंड्याचे कण ग्लुटेनची, म्हणजे पिठाला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनाची, जाळी तोडतात आणि अंकुरातली काही द्रव्यं ती सैल करतात. कोंडा पाणीही जास्त पितो, आणि सावकाश पितो. म्हणून मैद्याच्या बेगलला पिठाच्या पन्नास-पंचावन्न टक्के पाणी पुरतं, तर कणकेला साठ-पासष्ट किंवा त्याहून जास्त. यावर उपाय म्हणून यीस्ट आणि मीठ न घालता पीठ आणि पाणी कालवून अर्धा तास ठेवावं, अशी रीत १९७० च्या दशकात एका फ्रेंच तज्ज्ञाने मांडली आणि पाश्चात्त्य बेकरीजगतात ती मोठी सुधारणा मानली गेली. पोळ्यांची कणीक मुरत ठेवणाऱ्या घरात ती कोणाला शिकवावी लागत नाही.

तरीही चक्कीची कणीक पोळीसाठी जमलेली असते, पावासाठी नव्हे. दगडी पाळ्यांच्या दाबाने आणि उष्णतेने स्टार्चचे कण मोठ्या प्रमाणात फुटतात. म्हणून पीठ पाणी भरपूर पितं आणि पोळी मऊ राहते. हाच फुटलेला स्टार्च आंबताना झपाट्याने साखरेत बदलतो, पीठ लवकर ढिलं पडतं आणि कढईत टाकल्यावर कडं बसतं. त्यामुळे आपल्या कणकेचा बेगल कमी फुगवून, शक्य तर वळून झाल्यावर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून, थंडच उकळायला घ्यावा. थंड पाण्यात सोडून तरंगतो का हे पाहायची चाचणी मैद्यासाठी ठीक; कणकेचा बेगल जड असल्याने तरंगायची वाट पाहिली तर तो आधीच जास्त फुगलेला असतो. पिठाच्या पाच टक्क्यांच्या आसपास ग्लुटेनची पूड घालणारे बरेच जण आहेत, आणि त्याला फसवणूक म्हणायचं कारण नाही. तेही गव्हाचंच प्रथिन आहे. माल्टचा पाक मिळाला नाही तर पाण्यात मध किंवा गूळ चालतो.

गव्हाच्या वाणाने फरक पडतोच. लोकवन चालून जातो. खपली मात्र या कामाला घेऊ नये. सांगली-सातारा-कोल्हापूरकडची खीर आणि पुरणपोळी तिने गाजवली आहे, पण तिचं ग्लुटेन कमजोर असल्याने वळकटी ताणताना तुटते आणि सांधा कढईत सुटतो. खपलीचीच चव हवी असेल तर लोकवनच्या कणकेत पाव हिस्सा मिसळावी.