मुदव्वना

मोरोक्कोतील मुस्लिम नागरिकांचे विवाह, घटस्फोट, मुलांचा ताबा, पालकत्व आणि वारसा यांचे नियमन करणारी कायदासंहिता. देशातील ज्यू नागरिकांना त्यांचा स्वतंत्र धर्मकायदा लागू होतो. स्वातंत्र्य मिळाल्यावर (1956) राजे पाचवे मोहम्मद यांच्या काळात, 1957-58 मध्ये, मालिकी या सुन्नी इस्लामी न्यायपरंपरेच्या आधाराने ती तयार झाली. मुलीच्या लग्नाचे वय 15 होते. सज्ञान स्त्रीलाही वलीशिवाय, म्हणजे घरच्या पुरुष पालकाशिवाय, लग्न करता येत नसे. पत्नीने पतीच्या आज्ञेत राहावे हे कायद्यानेच सांगितले होते.

ही संहिता शरियतची, म्हणून तिला हात लावायचा नाही, अशी समजूत दीर्घकाळ टिकली. 1992 मध्ये स्त्री-संघटनांनी दहा लाख सह्यांची मोहीम काढली आणि पुढच्या वर्षी राजे दुसरे हसन यांनी काही दुरुस्त्या केल्या. त्या तुटपुंज्या होत्या. पण ही संहिता बदलता येते हे एकदा सिद्ध झाले, आणि पुढचे सारे त्यातूनच शक्य झाले. 1999 मध्ये पंतप्रधान अब्दुर्रहमान युसूफी यांच्या सरकारने स्त्रियांच्या प्रगतीचा आराखडा मांडताच समाज दुभंगला. 12 मार्च 2000 रोजी रबातमध्ये समर्थकांचा, तर कासाब्लांकात विरोधकांचा विराट मोर्चा निघाला. नवे राजे सहावे मोहम्मद यांनी 2001 मध्ये आयोग नेमला. 16 मे 2003 रोजी कासाब्लांकात इस्लामी अतिरेक्यांनी बाँबस्फोट घडवले आणि इस्लामवादी पक्षांचा विरोधाचा जोर ओसरला. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला राजांनी संसदेत नवी संहिता जाहीर केली. अल्लाहने निषिद्ध ठरवलेले मी वैध करू शकत नाही आणि वैध ठरवलेले निषिद्ध करू शकत नाही, असे त्यांनी ‘अमीर अल्-मोमिनीन’, म्हणजे श्रद्धावानांचा प्रमुख, या नात्याने बजावले. फेब्रुवारी 2004 मध्ये ती अमलात आली. सुधारणेला धार्मिक मान्यता मिळाली ती या पदामुळे, आणि तिची सीमाही या पदानेच आखली.

नव्या संहितेने दोघांसाठी लग्नाचे वय 18 केले. सज्ञान स्त्रीला वली ऐच्छिक झाला, आज्ञापालनाचे कलम गेले आणि संसाराची जबाबदारी दोघांची ठरली. तलाक न्यायालयाच्या देखरेखीखाली आला. दुसऱ्या लग्नाला न्यायाधीशाची परवानगी लागू लागली. ‘शिकाक’, म्हणजे न मिटणारा बेबनाव, या कारणावर पत्नीलाही घटस्फोट मागता येऊ लागला. स्त्रियांनी या तरतुदीचा मोठ्या प्रमाणावर आधार घेतला.

कायद्याची खरी परीक्षा न्यायाधीशाच्या दालनात झाली. 20व्या कलमाने अल्पवयीन मुलीच्या लग्नाला अपवाद म्हणून परवानगी देता येते. अर्ज मात्र मोठ्या संख्येने येत राहिले आणि त्यांतले बहुतेक मंजूर होत राहिले. अपवादाचाच नियम झाला, हा स्त्री-संघटनांचा आक्षेप रास्त आहे. ग्रामीण आणि डोंगराळ भागात केवळ फातिहा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय, वाचून, सरकारी नोंदीविना लग्ने होत. अशा लग्नांना मान्यता मिळावी म्हणून 16व्या कलमाने ठराविक वर्षांची मुदत दिली होती. ती पुन्हा पुन्हा वाढवावी लागली, आणि याच वाटेने बालविवाह व बहुपत्नीत्व कायदेशीर करून घेतले जाऊ लागले. संसारात मिळवलेल्या मालमत्तेच्या वाटणीचा करार लग्नाच्या वेळी करण्याची सोय 49व्या कलमात आहे. पण लग्न ठरत असताना घटस्फोटाच्या वाटणीची भाषा काढायला कुटुंबे धजावत नाहीत.

2007 मध्ये मोरोक्कन आईच्या मुलांना तिचे नागरिकत्व मिळू लागले. लोकशाही सुधारणांची मागणी करणाऱ्या 20 फेब्रुवारीच्या आंदोलनानंतर जुलै 2011 मध्ये सार्वमताने स्वीकारलेल्या राज्यघटनेच्या 19व्या कलमाने स्त्री-पुरुष समानता मान्य केली. तरीही मुलांचे कायदेशीर पालकत्व बापाकडेच राहिले. घटस्फोटानंतर मूल आईजवळ वाढत असले, तरी शाळा बदलण्यासारख्या कामांत तिला बापाच्या संमतीवर अवलंबून राहावे लागे. सात वर्षांवरील मुलाच्या आईने दुसरे लग्न केले, तर ताबा जाण्याची भीतीही तिला असे.

2022 च्या राज्यारोहणदिनाच्या भाषणात राजांनी संहितेच्या फेरविचाराची हाक दिली. डिसेंबर 2024 मध्ये मांडलेल्या प्रस्तावांत संयुक्त पालकत्व, पुनर्विवाहानंतरही आईकडे ताबा, घरकामाच्या मोलाची दखल आणि अल्पवयीन विवाहाचा अपवाद 17 वर्षे पूर्ण झालेल्यांपुरताच, अशा तरतुदी आहेत. वारशाचा प्रश्न सर्वोच्च उलेमा परिषदेपुढे, म्हणजे धर्मपंडितांच्या परिषदेपुढे, अडला. केवळ मुली असलेल्या बापाच्या मालमत्तेत पुरुष नातेवाइकांना हिस्सा देणारा ‘तअसीब’ नियम रद्द करण्यास तिने नकार दिला. पितृत्वासाठी डीएनए चाचणीचा पुरावा घेण्यासही तिची मान्यता मिळाली नाही. हयातीतच मुलींना बक्षीसपत्राने मालमत्ता देण्याचा मार्ग परिषदेने सुचवला आहे.